रानातील मुसळी, सर्पगंधा व कळलावी यांची घरच्या वाफ्यात वाढ

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की सह्याद्रीच्या उतारावर गवताबरोबर फोडशीची कोवळी पाने वर येतात. ठाणे व पालघर भागातील बाजारांत आदिवासी स्त्रिया या भाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. कोणी हिला कुलू म्हणतात. औषधी बाजारात सफेद मुसळी म्हणून जिला मोल येते, ती याच वनस्पतीची मुळी होय. सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईजवळच्या बोरिवलीवरून तिचे नाव ठेवले.

भाजीसाठी पाने खुडली तर झाड पुन्हा फुटते. मुळीसाठी खणले तर झाडच उठते. मुसळी, सर्पगंधा व कळलावी या तिन्ही वनस्पतींच्या बाबतीत अडचण हीच आहे. तिन्हींना मागणी आहे, मात्र त्यांचे बी फार कमी उगवते किंवा फार सावकाश उगवते. त्यामुळे खणलेल्या जागी रानात आपोआप नवे रोप उभे राहण्यास वर्षे लागतात. शेताच्या बांधावर किंवा परसातील चार वाफ्यांत यांची वाढ करणे कठीण नाही; परंतु प्रत्येकीचा डोळा, म्हणजे नवा कोंब जेथून फुटतो ती जागा, निरनिराळ्या ठिकाणी असतो. ती जागा न ओळखता केलेली लागवड मातीतच कुजते.

प्रथम मुसळी पाहू. झाड काळजीपूर्वक उपटले असता पांढुरक्या, बोटासारख्या मांसल मुळ्यांचा घोस दिसतो. या सर्व मुळ्या वर एका लहानशा तबकडीला चिकटलेल्या असतात. ही तबकडी म्हणजेच झाडाचे खोड होय आणि डोळा फक्त तेथेच असतो. मुळी कितीही जाड व टवटवीत असली तरी तबकडीपासून तुटली की ती कोंब देत नाही. २००० सालच्या आसपास राज्यात मुसळीच्या लागवडीची मोठी लाट आली होती. परत खरेदीची हमी देऊन बेणे चढ्या दराने विकले गेले आणि पुष्कळ ठिकाणी माल निघाल्यावर खरेदीदार फिरकलाच नाही. त्या अनुभवातून बाजाराविषयीचा धडा शेतकऱ्यांनी घेतला आहे. बेण्याविषयीचा धडाही घेण्यासारखा आहे. पोत्यात तुटलेल्या मुळ्या मिसळल्या असतील तर त्या वजनाला भरतात, शेतात उगवत नाहीत. म्हणून बेणे घेताना पोते ओतून प्रत्येक घोसाची तबकडी पाहावी. विकणाऱ्यास राग आला तरी चालेल.

घोस फोडताना धारदार चाकूने तबकडीचे असे भाग करावेत की प्रत्येक भागास एक डोळा व एक-दोन मुळ्या राहतील. उरलेल्या मुळ्या सोलून, वाळवून विक्रीस काढता येतात. म्हणजे एकाच घोसापासून विक्री होते व पुढील वर्षाचे बेणेही घरातच राहते. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर वरंब्यावर किंवा उंच गादीवाफ्यावर करावी. दोन ओळींत सुमारे ३० सेंटिमीटर व दोन झाडांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर पुरते. तबकडी वर ठेवून तिच्यावर मातीचा पातळ थर द्यावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर घोस कुजतो, म्हणून अशा जमिनीचा मोह धरू नये.

पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडून वाळतात. झाड मेले असे समजून येथे घाई केली जाते. मुळ्या त्या वेळी कोवळ्या व पाणचट असतात. त्या मातीतच राहू द्याव्यात. साल तपकिरी होऊ लागली म्हणजे काढणीस योग्य झाल्या. बेण्याचे घोस सावलीत कोरड्या वाळूत ठेवले म्हणजे पुढील मृगापर्यंत टिकतात.

मुसळीचे बी काळे, कांद्याच्या बियांसारखे दिसते. ते बारीक कुजलेला पालापाचोळा घातलेल्या वाफ्यावर पावसाच्या प्रारंभी पेरावे. उगवण थोडीच होते हे धरून दाट पेरावे. रोपे अगदी गवताच्या पात्यासारखी दिसतात आणि निंदणी करणाऱ्याच्या हातून तणाबरोबर सहज उपटली जातात. म्हणून बियांच्या वाफ्याची पहिली निंदणी घरच्या जाणत्या माणसानेच करावी.

सर्पगंधेचा प्रकार याहून वेगळा आहे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर या मुळीच्या उपयोगाविषयीचा आपला अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगभरातून या मुळीस मागणी आली. तिची झळ रानांना इतकी लागली की १९९० पासून या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. हिच्या मुळीवर तयार डोळा नसतो, तथापि मुळीचा तुकडा स्वतःच नवा डोळा निर्माण करू शकतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मुळ्यांचे अडीच ते पाच सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते वाफ्यात आडवे ठेवावेत, वर बारीक माती पसरावी व झारीने पाणी देऊन ओल कायम राखावी. निम्म्याच्या आसपास तुकडे फुटले तरी समाधान मानावे. खोडाची छाटे पावसाच्या तोंडी लावल्यास तीही जगतात. मात्र मुळे धरण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, तोपर्यंत त्यांना हलवू नये. बी वापरावयाचे असल्यास ते त्याच हंगामातील ताजे असावे. पेरण्यापूर्वी एक रात्र पाण्यात भिजत घालून तरंगणारे बी फेकून द्यावे, कारण त्यात पुष्कळदा गरच नसतो. बियांपासून वाढलेल्या झाडास मुळी अधिक चांगली धरते, म्हणून उगवण कमी असली तरी बियांचा वाफा टाळू नये. काढणीस निदान दीड वर्ष थांबावे लागते, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता कळलावी. घरात हिचे फूल आणले तर भांडणे लागतात, अशी समजूत कित्येक गावांत आहे. उलट कोकणात हेच फूल गौरीच्या पूजेस लागते. तामिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे आणि तेथील शेतकरी बियांसाठी या वेलीची रीतसर शेती करतात. तिच्या बियांतून व कंदातून कोल्चिसिन हे द्रव्य मिळते. संधिवाताच्या एका प्रकारावर ते औषध म्हणून वापरतात. विक्री बियांची होत असल्याने कंद जमिनीतच राहतो, ही गोष्ट शेतकऱ्याच्या फार सोयीची आहे.

कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यामुळेच. त्याच्या दोन भुजा असतात व प्रत्येक भुजेच्या टोकास एकच डोळा असतो. मुसळीत डोळा जोडावर, तर येथे तो टोकावर! मुसळीची सवय असलेला मनुष्य येथे जोड जपतो आणि टोक मोडून बसतो. टोक मोडले की ती भुजा गेली. दोन्ही भुजा जोडावर हलक्या हाताने वेगळ्या कराव्यात, जखम सावलीत सुकू द्यावी आणि पावसाच्या प्रारंभी सहा ते आठ सेंटिमीटर खोलीवर आडव्या लावाव्यात. ५० ग्रॅमहून अधिक वजनाचा कंद साधारणतः पहिल्याच वर्षी फुलतो. लहान कंद बाजूच्या वाफ्यात पोसावेत. पानांची टोके ताण्यासारखी वळून आधार पकडतात, म्हणून वाळलेल्या फांद्यांचे कूड आधीच रोवावे. फुलातील स्त्रीकेसर एका बाजूस काटकोनात वळलेला असल्याने स्वतःचे पराग त्यास सहसा लागत नाहीत. सकाळी दुसऱ्या फुलाचे पराग हाताने लावल्यास शेंगा चांगल्या धरतात.

बियांपासूनही वेल होते, पण उगवणीस महिने लागतात, पहिल्या हंगामात एक-दोन पानांवर वाढ थांबते व फुलास तीन-चार वर्षे जावी लागतात. ज्यांना रानातील वेल परत उभी करावयाची आहे त्यांनी मात्र बीच पेरावे. कंद रानातून आणून शेतात लावणे म्हणजे लागवड नव्हे. पहिले बेणे कृषी विद्यापीठाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करून मिळवावे, आणि रानातून काही आणावयाचे झाल्यास गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीस व वनखात्यास विचारल्याशिवाय हात लावू नये.

एक सूचना ग्रामसेवकांनी लागवडीपूर्वीच प्रत्येक घरी द्यावी. कळलावीचे सर्व भाग विषारी आहेत व कंद अत्यंत विषारी आहे. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याची नोंद आहे. विषाचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात व प्रथम ओकाऱ्या व जुलाब होतात. तेवढ्यावर विसंबून घरगुती उपाय करीत बसू नये, रुग्णास उरलेल्या कंदासह तत्काळ दवाखान्यात न्यावे. अडलेल्या बाळंतिणीस हा कंद उगाळून लावण्याची जुनी चाल काही ठिकाणी अद्याप ऐकू येते. ती पूर्णपणे थांबली पाहिजे. कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. बेण्याची वाळूची पेटी रताळी, सुरण व कोनफळ यांपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे.