वाकडी मान म्हणजे मानमोडीच असं नाही

कालपर्यंत धड असलेल्या कोंबडीची मान एकाएकी पिळवटते. डोकं वळून जवळजवळ उलटं होतं. दाणा टिपायला गेली तर चोच भलतीकडे आपटते, चालायला गेली तर मागे मागे सरकत कोलमडते. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत यावर एकच निदान होतं, मानमोडी. त्यापाठोपाठ निर्णयही ठरलेला असतो: वाळून जायच्या आत कापा, नाहीतर येत्या आठवडे बाजारात काढा. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. पहिल्यात बरी होऊ शकणारी कोंबडी हकनाक जाते. दुसऱ्यात, तिला खरोखर मानमोडी असेल तर, ती रोग घेऊन दुसऱ्याच्या खुराड्यात पोचते.

मान वाकणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. मेंदू, मज्जातंतू किंवा तोल सांभाळणारा आतला कान यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी मान वळते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हे त्याचं एक कारण. जीवनसत्त्व ‘ई’ किंवा ‘बी-१’ कमी पडणं, डोक्याला मार लागणं, कानात पू होणं, मरेक नावाचा दुसरा विषाणुजन्य रोग, बुरशी आलेलं खाद्य ही आणखी काही कारणं.

मग ओळखायचं कसं? आधी त्या कोंबडीकडे नव्हे, बाकीच्यांकडे पाहावं. राणीखेत सहसा एकटीदुकटीला गाठून थांबत नाही. लस न टोचलेल्या कोंबड्यांत तो शिरला की काही दिवसांतच बऱ्याच जणी पंख सोडून, डोळे मिटून बसतात. चोच उघडी टाकून श्वास घेतात, घशातून घरघर येते, हिरवट-पांढरी हगवण लागते, अंडी एकदम घटतात किंवा पातळ कवचाची येतात, आणि मरतूक सुरू होते. मान मुरगळणं पुष्कळदा यानंतर, जगल्यावाचल्या पक्ष्यांत दिसतं. म्हणून एकाच कोंबडीची मान वाकडी असेल, बाकीच्या नीट खात-पीत असतील, लसीकरण वेळेवर झालं असेल आणि गेल्या पंधरा दिवसांत बाजारातून नवा पक्षी आणला नसेल, तर संशय आधी खाद्यावर आणि दुखापतीवर घ्यावा. आजूबाजूच्या घरांतही कोंबड्या मरत असतील तर मात्र घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं. बर्ड फ्लूतही मान वळते आणि मरतूक होते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला निघाला होता, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी मेलेले पक्षी ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरावेत आणि उरलेले पक्षी विकू नयेत. आजारी पक्षी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. राणीखेतच्या विषाणूमुळेही माणसाचे डोळे येऊ शकतात.

दुसरा गैरसमज मानेची शीर भरल्याचा. तेल लावून मान चोळतात, कुणी ओढून सरळ करायला जातात. बिघाड मानेत नसतोच. स्नायूंना चुकीचा हुकूम वरून येत असतो. ओढाताणीने कोंबडी घाबरते, तिचे झटके वाढतात आणि नाजूक मणक्यांना इजा होऊ शकते. डोक्याखाली मऊ फडक्याची गुंडाळी ठेवून आधार द्यावा, एवढंच पुरे. मान ताठ न वळता नुसती लुळी लोंबत असेल, कोंबडी ती उचलूच शकत नसेल, तर प्रकार निराळा. कुजलेलं मेलेलं जनावर किंवा त्यातल्या अळ्या खाऊन विषबाधा झाली असण्याचा संभव असतो, आणि त्याला डॉक्टरच हवा.

तिसरा गैरसमज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो रोजच्या ताटाशी जोडलेला आहे. ‘आमच्या कोंबड्यांना भरपूर खायला असतं, त्यांना कसली कमी पडणार?’ भरपूर म्हणजे काय, तर उरलेला भात आणि तांदळाच्या कण्या. पोट भरतं, पण पांढऱ्या तांदळात बी-१ फार थोडं उरतं. ते कोंड्यात असतं, आणि कोंडा गिरणीतच राहतो.

बी-१ ची सगळी कथाच मुळी कोंबड्यांपासून सुरू झाली. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचं मूळ शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडू लागल्या, पडू लागल्या, आणि पुढे आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, खाद्य बदललं आणि त्या सुधारल्या. तांदळाचा कोंडा दिला की दुखणं हटतं हेही पुढे दिसलं. भातातच काही विष असावं असं आइकमानला आधी वाटलं होतं. दोष विषाचा नसून उणिवेचा आहे हे नंतर उलगडलं. या कामासाठी त्याला १९२९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. शुद्ध बी-१ वेगळं काढलं गेलं तेही जावातच, १९२६ साली. राणीखेतची जगातली पहिली नोंद इंग्लंडच्या न्यूकॅसलबरोबर जावातच झाली, आणि तीही १९२६ चीच. वाकड्या मानेची दोन मोठी कारणं अशी एकाच वर्षी, एकाच बेटावर हाती लागली. आपल्याकडच्या नावातलं राणीखेत हे कुमाऊंमधलं गाव. तिथल्या साथीची नोंद त्यानंतर लवकरच झाली.

बी-१ च्या उणिवेची खूण ठळक असते. कोंबडी पाय दुमडून बसते आणि डोकं पाठीकडे टाकून आभाळाकडे पाहत राहते. निव्वळ निकृष्ट खाद्यावर मोठ्या कोंबडीत हे दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, पिल्लांत त्याहून कमी. कोकणात, गोव्यात आणखी एक गोष्ट घडते. मासळी साफ करून उरलेला कच्चा भाग थेट कोंबड्यांपुढे टाकतात. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ मोडून टाकणारं द्रव्य असतं. ते उकळल्याने नष्ट होतं, तेव्हा मासळी शिजवून घालावी. रक्ती हगवणीवर देतात ते ॲम्प्रोलियम हे औषधसुद्धा त्या हगवणीच्या परजीवीला बी-१ मिळू न देऊनच काम करतं. ते प्रमाणाबाहेर किंवा फार दिवस दिलं तर कोंबडीलाही बी-१ कमी पडतं. आणि हे औषध चालू असताना सोबत बी-१ पाजलं तर औषधाचाच प्रभाव मारला जातो. एका वेळी एकच उपाय, तोही डॉक्टरांना विचारून.

‘ई’ ची उणीव मुख्यतः दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांत दिसते. त्यांचा लहान मेंदू सुजतो, पिल्लू तोल जाऊन पाठीवर पडतं, पाय झाडतं, मान मागे किंवा बाजूला पिरगळते. खाद्यातलं तेल खवट झालं की त्यातलं ‘ई’ नाश पावतं. पावसाळ्यात दमट कोपऱ्यात पडून राहिलेलं पोतं हे त्याचं नेहमीचं कारण. तांदळाचा कोंडाही लवकर खवट होतो, म्हणून तो ताजाच आणावा. खाद्य महिन्याभरात संपेल एवढंच घ्यावं आणि वास घेऊन घालावं.

यातूनच चौथा गैरसमज निघतो: ‘ई’ ची कॅप्सूल दिली की मान सरळ. काही पक्ष्यांत खरोखर फरक पडतो. उणिवेसाठी पशुवैद्यकीय संदर्भग्रंथ प्रत्येक पक्ष्याला तोंडावाटे सुमारे ३०० युनिट सुचवतात, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कॅप्सूल सहसा ४०० ची असते. ती टोचून तेल पोळीच्या तुकड्यावर घालून देता येतं. पण मेंदूची इजा पुढे गेली असेल तर ‘ई’ ने ती भरून येतेच असं नाही, आणि राणीखेतवर त्याचा उपयोग नाही. बी-१ कमी पडलं असेल तर मात्र ते तोंडावाटे दिल्यावर काही तासांतच सुधारणा दिसू शकते. त्यामुळे उपचाराच्या प्रतिसादावरूनही कारणाचा अंदाज येतो. ‘ई’ सोबत सेलेनियम द्यावं असंही सांगितलं जातं. त्याची उपयोगी आणि विषारी मात्रा जवळजवळ असते, म्हणून ते अंदाजाने देऊ नये. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी विषाणू मरत नाही आणि उणीवही भरत नाही, वर औषधाचा अंश अंड्यांत उतरतो.

तुरेवाल्या पोलिश किंवा रेशमी पिसांच्या सिल्की जातीची कोंबडी असेल तर डोकं आधी तपासावं. त्यांच्या कवटीवरचा उंचवटा पुष्कळदा पूर्ण बंद नसतो. दुसरीने चोच मारली तरी मेंदूला इजा होते. मरेकमध्ये बहुधा पाय आधी जातो, एक पुढे आणि एक मागे ताणलेला. त्याला उपचार नाही. लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच टोचतात.

वाकड्या मानेच्या पुष्कळ कोंबड्या मूळ दुखण्याने मरण्याआधी तहानेने आणि भुकेने मरतात. दाणा समोर असतो, पण चोच तिथे पोचत नाही. म्हणून कारण शोधत असतानाच शुश्रूषा सुरू करावी. तिला वेगळ्या खोक्यात, मंद उजेडात, मऊ तुसावर ठेवावं. हे वेगळं ठेवणं दोन्हीसाठी आहे: रोग असेल तर पसरू नये, आणि नसेल तर बाकीच्या टोचून तिला जायबंदी करतात ते टळावं. दिवसातून चार-पाच वेळा तिला मांडीवर घेऊन डोकं हाताने हळूच सरळ धरावं आणि चोचीचं फक्त टोक पाण्यात बुडवावं. घशात पाणी ओतू नये. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. कालवलेलं खाद्य, उकडलेल्या अंड्याचा चुरा असं मऊसर द्यावं.

सुधारणा काहींत दोन दिवसांत दिसते, काहींना कित्येक आठवडे लागतात, आणि घाबरल्यावर मान पुन्हा वळते. राणीखेतमधून वाचलेल्या पक्ष्यात ती कायमची तिरकी राहू शकते. स्वतः खायला-प्यायला लागली की ती जगते, अंडीही देते. तिचं भांडं मात्र खोल आणि जड हवं, म्हणजे चोच चुकली तरी दाणा विखुरत नाही. भरवूनही वजन घटत गेलं आणि ती उठायचीच थांबली, तर तिला आणखी ताटकळत ठेवण्यापेक्षा शांत मरण देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

बाकीच्या कोंबड्यांच्या लसीकरणाचं काम त्याच आठवड्यात करावं. राणीखेतची पहिली लस, लासोटा, पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात, आणि आर-२-बी ही सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचून. लस बर्फातून आणावी, कालवल्यावर दोन तासांच्या आत वापरावी आणि फक्त धडधाकट पक्ष्यांनाच द्यावी.