‘म्हैसूर’ टाकून बघा

राजाजीनगरातल्या एका कॉलेजची लायब्ररी. दुपारचे साडेतीन. बॅग काउंटरवर देऊन टोकन घेतलंय, जाड रजिस्टरात नाव-वेळ लिहून भाचीच्या मागोमाग आत आलेय. बेंगळुरूतले रेशमाचे यंत्रमाग आणि त्यांवरचे कामगार हा तिचा पीएच.डी.चा विषय. तीन दिवस एकच रड: “मावशी, जुनं काही मिळतच नाही गं.”

आत्ताही ती ओपॅकसमोर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीसमोर, बसून ‘कर्नाटक’, ‘बेंगळुरू’ टाकतेय. येतं ते सगळं अलीकडचं. ग्रंथपाल मॅडम मागे येऊन उभ्या राहतात. कुठल्या सालचं हवंय? साठच्या दशकातलं. मॅडम हसतात. मग कर्नाटक कशाला, म्हैसूर टाकून बघा! खरंच की. १९७३च्या नोव्हेंबरपर्यंत राज्याचं नाव म्हैसूरच होतं, आणि इंग्रजीतलं बँगलोर २०१४पर्यंत टिकलं. भाची अक्षरं बदलते. पडदा भरतो.

मॅडम चिठ्ठीवर पुस्तकांच्या वर्गीकरणाचे दोन आकडे लिहितात: ६७७ आणि ३३८.४७६७७. पहिल्यात रेशीम विणायचं कसं, दुसऱ्यात त्या धंद्याचं अर्थकारण. एकच धागा, पण कपाटं दोन. भाची तीन दिवस पहिल्याच कपाटाशी झटतेय. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांतला चौथा. त्यांनी १९६२ साली उभं केलेलं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं केंद्र एके काळी इथल्या शेजारच्या मल्लेश्वरममध्येच होतं. तिथला वारा इथवर आलाय म्हणायचा.

एक नवा लेख मात्र पैसे मागतो. सरकारी संस्थांना २०२५पासून केंद्राच्या एकत्रित वर्गणीतून हजारो नियतकालिकं खुली झालीत. हे कॉलेज खासगी. “नोडोणा,” म्हणजे बघू या, असं म्हणत मॅडम डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याकडे मागणी पाठवायला बसतातही. आमच्या वेळी ‘नाही’ हे उत्तर काउंटरवरच मिळायचं.

३३८च्या रॅकशी भाची फरशीवरच बसलीय. मांडीवर करड्या बांधणीचा अहवाल, बोटांना धूळ. कोष्टकात मागांची संख्या, पाळ्या, मजुरी. ती काही बोलत नाही, नुसती पानं उलटतेय.

“झेरॉक्स पाचला बंद,” मॅडम लांबूनच सांगतात.

भाची घाईघाईनं कागदाचे कपटे पानांत घालत सुटते. कपटे संपतात. माझ्यापुढे हात येतो. पर्समधलं बसचं तिकीट देते. तेही मजुरीच्या कोष्टकात जातं.