शेक्सपिअर आणि रजेचा अर्ज

कोकणातील गावोगावच्या माध्यमिक शाळांच्या पाट्या वाचल्या, तर 'न्यू इंग्लिश स्कूल' हे नाव पुन:पुन्हा दिसते. आत शिकवणी मात्र मराठीतून चालते. हे नाव जुन्या काळातून आले आहे. तेव्हा मराठी शाळेच्या इयत्ता संपवून पुढे जाणे म्हणजेच 'इंग्रजी शाळेत' जाणे होते, आणि इंग्रजी शिकणे हेच उच्च शिक्षणाचे दुसरे नाव होते. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथील ज्या शाळेत वि. स. खांडेकर 1920 मध्ये शिक्षक म्हणून गेले, तिचेही नाव 'ट्युटोरियल इंग्लिश स्कूल' असेच होते. पुण्यातील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून, सावंतवाडीजवळच्या नानेली गावी दत्तक गेलेला हा तरुण 1938 पर्यंत तेथे शिकवीत राहिला आणि पुढे मराठीतील पहिल्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरला. शाळांच्या पाट्या तशाच राहिल्या. त्यांमागचा प्रश्नही तसाच राहिला आहे : इंग्रजी शिकायचे ते नेमके कशासाठी?

हा प्रश्न आज सर्वाधिक टोकदार होतो तो तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय 1961 मध्ये सुरू झाले. संस्थानच्या लोकप्रिय राजाचे, बापूसाहेब महाराजांचे, नाव त्याला दिलेले आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला. त्याच्या वीस वर्षे आधी या गावात पदवीचे शिक्षण मिळू लागले होते. त्यापूर्वी बी. ए. व्हायचे तर मुंबई, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागे, आणि ते परवडणाऱ्या घरांची संख्या मर्यादित होती. हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या महानगरात पदवी ठरते आणि शिकणारी मुले मात्र बांदा, आंबोली, शिरोडे या वाटांवरून एस. टी.च्या पासावर येतात.

इंग्रजी हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या अशा विद्यार्थ्याची घरची अपेक्षा बहुधा एका वाक्यात सांगता येते : पोराला इंग्रजी यावे. येथे 'येणे' म्हणजे बोलता येणे. सावंतवाडीहून गोव्याची हद्द जवळ आहे. तेथील हॉटेले, औषधनिर्मितीचे कारखाने आणि आता पेडणे तालुक्यातील मोप येथे जानेवारी 2023 पासून सुरू झालेला विमानतळ ही सारी नोकरीची ठिकाणे आहेत, आणि मुलाखत इंग्रजीत होण्याची शक्यता मोठी आहे. वर्गात मात्र एलिझाबेथकालीन नाटक, रोमँटिक कविता, ॲरिस्टॉटलची शोकांतिकेची व्याख्या आणि व्हिक्टोरियन कादंबरी यांची भेट होते. पहिल्या वर्षी सर्वांना सक्तीचा असा संवादकौशल्याचा अभ्यासक्रम असतो. त्यात परिच्छेदलेखन, पत्रलेखन, सारांश हे घटक येतात. पुढे इंग्रजी हाच मुख्य विषय घेतला की लेखन मागे पडते आणि साहित्याचा इतिहास पुढे येतो. परिणामी, हॅम्लेटच्या द्विधा मन:स्थितीवर दहा गुणांचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी रजेचा अर्ज स्वत:च्या शब्दांत लिहिताना अडखळतो. ते दहा गुणांचे उत्तर त्याचे स्वत:चे नसते, हे त्यामागचे साधे कारण होय. ते बाजारातल्या गाइडचे असते, किंवा वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आलेल्या नोट्सचे असते.

यात विद्यार्थ्याचा आळस शोधणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून आकाराला आला तोच मुळी वसाहतीच्या गरजेतून. मेकॉलेचे टिपण 1835 चे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे 1857 ची. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या 1989 च्या ग्रंथात दाखवून दिले, की खुद्द इंग्लंडमध्ये इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून स्थिरावण्यापूर्वीच तो हिंदुस्थानात शिकवला जात होता. 'इंग्रजी उत्तम जाणणारा' पदवीधर हे त्या शिक्षणाचे गृहीतक होते. ते मुंबईच्या मोजक्या घरांतील मुलांबाबत खरे ठरले असेल. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 मध्ये; त्याआधी ते पाचवीपासून होते. मालवणी घरात आणि मराठी शाळेत वाढलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा असते. अभ्यासक्रम मात्र ती पहिली किंवा दुसरी असल्यासारखा वागतो.

हीच अडचण जगात इतरत्रही आली, आणि तिचा विचार सर्वाधिक झाला तो अमेरिकेत. तेथील कम्युनिटी कॉलेज ही संस्था भारतीय वाचकाला फारशी परिचित नाही. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये सुरू झालेले दोन वर्षांचे महाविद्यालय हे या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. आज तेथे अशी सुमारे हजार महाविद्यालये आहेत. शुल्क कमी, प्रवेशाची अट सैल, घराजवळ राहून आणि नोकरी सांभाळून शिकण्याची सोय, दोन वर्षांनंतर पदविकेसारखी पदवी घेऊन थांबायचे किंवा मिळालेले श्रेयांक घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे, अशी ही रचना आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास याच नावाची योजना आणली. पण तिचा भर व्यवसायकौशल्यांवर राहिला, भाषा आणि साहित्य तिच्या परिघावरच राहिले. खरे पाहता आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजचे काम तालुक्याच्या गावातील कला महाविद्यालयेच करीत आली आहेत. फक्त तसे त्यांना कोणी म्हणत नाही, आणि त्या कामाला लागणारी साधनेही देत नाही.

अमेरिकेतील या महाविद्यालयांत पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येकाला लेखनाचा वर्ग असतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 मध्ये शहरातील शालान्त उत्तीर्ण प्रत्येकाला प्रवेश खुला केला, तेव्हा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नव्हते अशी हजारो मुले वर्गात आली. त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापक हबकले. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने तसे केले नाही. तिने सुमारे चार हजार निबंध वाचून त्यांतील चुकांचे वर्गीकरण केले आणि 1977 मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिले. तिचा निष्कर्ष असा, की नवशिक्याच्या चुका मनमानी नसतात. त्यांच्यामागे एक तर्क असतो, आणि तो सापडला की शिकवता येते.

सावंतवाडीच्या वर्गातील वह्यांना हाच न्याय लावून पाहण्यासारखा आहे. 'माय फादर आर टीचर' हे वाक्य पाहून हसू येते. पण मराठीत वडील 'आहे' नसतात, 'आहेत' असतात. मुलगा इंग्रजीतही वडिलांचा मान राखतो आहे. 'आय अॅम स्टेइंग हिअर सिन्स टू इयर्स' या वाक्यातील घोटाळा 'पासून' या एका शब्दाचा आहे. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोहोंना एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीला आरंभबिंदूसाठी एक शब्द लागतो आणि कालावधीसाठी दुसरा. 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर' यातला जादा 'ही' हा 'जो मुलगा आला, तो' यातला 'तो' आहे. आणि 'ए', 'अॅन', 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. म्हणून ती विद्यार्थ्याच्या लेखनातून गळतात किंवा मिठासारखी अंदाजाने पडतात. लाल शाईने गोल काढून हे सुटत नाही. मराठीचे व्याकरण शेजारी ठेवले तर पुष्कळदा एका तासात सुटू शकते. त्यासाठी इंग्रजीच्या प्राध्यापकाला मराठीचे व्याकरण चांगले यावे लागते, ही गोष्ट वेगळी.

आणि येथेच लेखन व साहित्य यांच्यातील भिंत कृत्रिम असल्याचे ध्यानात येते. इंग्रजी गोष्ट 'ए मॅन' असे म्हणून माणसाची ओळख करून देते आणि पुढच्या वाक्यापासून त्याला 'द मॅन' म्हणते. एखादा लेखक पहिल्याच वाक्यात 'द' वापरतो, तेव्हा तो वाचकाला जणू आधीपासून त्या जगातला मानतो. हे उपपदाचे व्याकरण आहे आणि कथनाचे तंत्रही. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या 1952 च्या कादंबरीच्या शीर्षकातले दोन्ही 'द' समजले, तर व्याकरणाचा एक धडा आणि समीक्षेचा एक धडा एकदम होतो. पु. ल. देशपांडे यांनी या कादंबरीचे मराठी रूप 'एका कोळियाने' या नावाने केले. म्हणजे इंग्रजीतला 'तो' ठरलेला म्हातारा मराठीत 'एक' कोळी झाला. हा बदल का झाला असावा, यावर मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा विद्यार्थी दोन पाने सहज लिहू शकेल. समुद्र, जाळे आणि रिकाम्या हाताने परत येणारी होडी त्याला कोणत्याही गाइडपेक्षा अधिक ठाऊक आहे.

पाठ्यपुस्तके निवडताना या ठाऊक असण्याचा उपयोग क्वचितच केला जातो. डॅफोडिलची फुले कोकणात कोणी पाहिलेली नाहीत. पण त्याच वर्ड्‌स्वर्थने 1800 च्या प्रस्तावनेत ग्रामीण माणसांच्या बोलीचा कवितेसाठी केलेला पुरस्कार मालवणी बोलणाऱ्या मुलाला थेट भिडू शकतो. घरची 'माका-तुका'ची भाषा शाळेत दडवायची असते, असे शिकत तो मोठा झालेला असतो. जे. एम. सिंज यांची 'रायडर्स टू द सी' ही 1904 ची एकांकिका आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या बोलीच्या वळणाच्या इंग्रजीत आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 मध्ये रंगभूमीवर आले आणि मालवणीने मुंबईची नाट्यगृहे भरली. एक शोकान्त, दुसरे प्रहसन; तरीही बोलीला रंगमंचावर प्रतिष्ठा कशी मिळते, हा प्रश्न दोहोंना विचारता येतो. राजा राव यांनी 'कांतपुरा'च्या 1938 च्या प्रस्तावनेत भारतीय बोलण्याची लय इंग्रजीत आणण्याचा विचार मांडला, तोही याच धाग्याला जोडता येतो.

या जिल्ह्याला असे जोडकाम नवे नाही. देवगड तालुक्यातील धालवली येथे 1918 मध्ये जन्मलेले विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, 'किंग लिअर'चे भाषांतर केले, आणि कविता मराठीत लिहिली. सावंतवाडीतच इंग्रजीचे अध्यापन करणारे प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कळसूत्री बाहुल्यांची सिंधुदुर्गातील परंपरा त्या कादंबरीच्या पाठीशी आहे. इंग्रजी साहित्य शिकण्या-शिकवण्याचे सर्वांत मोलाचे उत्पन्न येथे मराठीत निघाले आहे. नोकरीच्या हिशेबात ते कोठेच धरले जात नाही.

तो हिशेबही टाळून चालणार नाही. इंग्रजीची बी. ए. घेऊन बी. एड. करणे आणि शाळेत शिक्षक होणे ही पूर्वीची हुकमी वाट शिक्षकभरती रखडत गेल्याने अरुंद झाली. एम. ए. करून नेट किंवा सेट उत्तीर्ण झाले तरी प्राध्यापकाची कायम जागा दूरच. तासिका तत्त्वावर काम करीत वर्षे जातात. उरतात त्या बँका, स्पर्धा परीक्षा, गोव्यातील सेवाक्षेत्र आणि भाषांतर. या चारही ठिकाणी लागते ते नीट वाचणे आणि नेमके लिहिणे. मजकूर वाचून त्याचा सारांश देणे हे स्पर्धा परीक्षेतले कौशल्य आणि कवितेच्या वर्गातले कौशल्य फारसे वेगळे नाही. परंतु वर्गात ते विद्यार्थ्याकडून करवून घ्यावे लागते, प्राध्यापकाने करून दाखवणे पुरत नाही. अमेरिकी लेखनवर्गात विद्यार्थी कच्चा खर्डा देतो, त्यावर चर्चा होते, तो दुसरा खर्डा लिहितो. वर्गात पंधरा-वीस मुले असली तर हे जमते. साठ-सत्तर मुलांच्या वह्या आठवड्याला तपासायच्या, तर तासिकेच्या मानधनावरील प्राध्यापकाकडून ती अपेक्षा करणेच क्रूर आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना 2024-25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत लागू झाली आहे. तीनुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी बाहेर पडण्याची दारे आहेत. पहिल्या दोन दारांतून बाहेर पडताना व्यवसायकौशल्याचे चार श्रेयांक जादा मिळवावे लागतात. कागदावर हे कम्युनिटी कॉलेजच्या बरेच जवळ जाणारे आहे. इंग्रजी विभागांनी हे चार श्रेयांक कशाने भरायचे, हे ठरवण्यास त्यामुळे वाव आहे. सावंतवाडीसारख्या ठिकाणी मराठी-इंग्रजी भाषांतराचा अभ्यासक्रम त्यात सहज बसेल : सात-बाराचा उतारा, ग्रामसभेचा ठराव, हॉटेलचे माहितीपत्रक, लाकडी खेळण्यांच्या आणि गंजिफांच्या कारागिरांसाठी परदेशी ग्राहकाला लिहायचे पत्र, आणि त्याच वहीत दशावतारातील एका प्रवेशाचे इंग्रजी रूपांतर. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. दशावतारी नट संवाद पाठ करून येत नाही, तो रंगमंचावर जागच्या जागी रचतो. तेव्हा आधी ते ऐकून लिहून काढावे लागते, आणि लिहून काढताना मालवणी कोठे संपते व नाटकातली संस्कृतप्रचुर मराठी कोठे सुरू होते, हे विद्यार्थ्याला स्वत:च्या कानाने ठरवावे लागते.