कढईतलं तेल आणि रक्तातली पेशी

उपकेंद्रात आपलं हिमोग्लोबिन तपासतात. ते ज्या तांबड्या पेशीत भरलेलं असतं, तिचा पापुद्रा प्रथिनांचा आणि स्निग्धांचा असतो, आणि त्या स्निग्धांत आपण खाल्लेल्या तेलातुपाचा वाटा असतो.

उघड्या बरणीतलं तेल हवेतल्या प्राणवायूनं खवट होतं. पेशीच्या पापुद्र्याचंही तसंच होतं. ही पेशी तर रात्रंदिवस प्राणवायू वाहते आणि पोटात लोह बाळगते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे मोडलेलं फारसं सांधता येत नाही. तिचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. पापुद्रा कडक झाला की बारीक रक्तवाहिनीतून वाकून जाणं जमत नाही आणि प्लीहा तिला लवकर बाद करते.

जवस, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांची तेलं लवकर खवटतात, तूप-खोबरेल टिकतं. म्हणून ही तेलं सोडायची का? मुळीच नाही. त्यांतली स्निग्धं शरीराला लागतातच. आपल्याकडे ज्वारीच्या कडेनं करडईचे काटेरी तास असायचे, जनावरं आत शिरत नसत. करडईच्या तेलातही असा राखणदार आहे, ई जीवनसत्त्व. तो नसला की काय होतं, ते 1960 च्या दशकात अमेरिकेत दिसलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या डब्यातल्या दुधात अशी तेलं भरपूर, ई जीवनसत्त्व कमी, वर लोहही दिलेलं. बाळांच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या. ई जीवनसत्त्व दिल्यावर त्या सावरल्या.

आपल्याकडे घात होतो तो कढईत. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की राखणदार जळतो, खवटपणा वाढतो. फरसाण विकणाऱ्या गटांनी ध्यानात ठेवावं, 1 जुलै 2018 पासून नियमच आहे. तळणाच्या तेलातले बिघडलेले घटक (त्यांना 'एकूण ध्रुवीय घटक' म्हणतात) 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायला यंत्र नसतं. तेल काळपट, चिकट झालं, फेसाळलं किंवा लवकर धुरावलं की थांबा. मुळात लहान कढईत थोडंच तेल घ्या. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळायला नको. ताज्या तेलातही ओतू नका. तेलाचा भाव बघता हे जिवावर येतं, कबूल. जवसाची चटणी आठवड्यापुरतीच कुटा.

लोहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा. अंगात लोह कमी असेल, तर ते तेल बदलून भरत नाही.