चिखलातला पुरावा

नदीच्या दरडीत एखादे मोठे हाड निघाले की गावात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो राक्षसाचे, कोणी म्हणतो पांडवांच्या काळातले. शेंदूर लागायला मग वेळ लागत नाही. आम्ही विचारतो, पुरावा काय? पुराव्याची भाषा बोलणाऱ्या समाजाने तो पुरावा कसा गोळा करतात हेही माहीत करून घेतले पाहिजे.

सातारा-सांगलीचा काळा कातळ लाव्हाचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. धगधगत्या लाव्हात हाड टिकत नाही; जीवाश्माला गाळ लागतो. कोयना परिसरात रासाटी येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी 1522 मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे 930 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मधे गाळाचा थरच नाही! म्हणून डायनासोरची हाडे शोधणारे चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला किंवा सिरोंच्याला जातात. कुठे खणू नये, हे भूगर्भाचा नकाशा आधी सांगतो.

मग आमच्याकडे काहीच नाही? आहे, पण वरच्या मातीत. 1870च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळ, म्हणजे कृष्णेचीच उपनदी असलेल्या घटप्रभेच्या खोऱ्यात, गेंड्याचे जीवाश्म मिळाले. आज तिथे ऊस डोलतो. एकेकाळी गेंडा चरत होता.

साताऱ्याचा पुरावा तर डोळ्यांना दिसतही नाही. कासच्या पठारावरच्या गाळाचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्राबरोबर केला. गाळाचे नमुने थराथराने घेतले जातात. त्यातले खनिज आम्लाने विरघळवतात. परागकणाचे कवच इतके चिवट की ते उरते. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचे वेगळी करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. थराचे वय कार्बनवरून काढतात, पण ही पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालते. लाव्हाचे वय काढायचे तर दोन प्रवाहांमधल्या तांबड्या मातीतले झिरकॉनचे बारीक कण वेचून त्यातले किती युरेनियम शिशात बदलले ते पाहावे लागते. कासच्या गाळाने सुमारे 8000 वर्षांचा पाऊसपाणी सांगितला. गेल्या हजारेक वर्षांत प्रदूषण सोसणारे डायटम वाढले, म्हणजे माणसांची व गुरांची वस्ती आली, हेही त्याच चिखलाने सांगितले. फुले पाहायला जाणाऱ्या गर्दीला याचा पत्ता नसतो.

आता सांगलीकडे या. इथे कृष्णेने गाळाचे जाड थर टाकले आहेत. तेच थर वाळूसाठी उपसले जातात, वीटभट्टीत भाजले जातात. फावडे कोणाच्या हातात असते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जमिनीच्या पोटातली वस्तू सर्वांत आधी पाहतो तो हा मजूर. शोधनिबंधावर मात्र कुदळ मारणाऱ्याचे नाव क्वचितच येते. त्याला कोणी काही शिकवलेले नसते, म्हणून हाड भट्टीच्या राबिटात जाते किंवा देव्हाऱ्यात. आणि शिकवायचे तिथेही उलटी गंगा: 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. ते पुस्तक शिकणाऱ्या आणि अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या पोरांनी डार्विन कुठे वाचायचा?

मजूरबांधवांना आमचे सांगणे इतकेच. जड, दगडासारखे झालेले हाड किंवा दात दिसला तर उपटू नका. थरातून सुटलेल्या हाडाचे वय सांगणे फार अवघड होते. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो घ्या, वरून किती हात खोल, खाली-वर कोणती माती, ते लिहून ठेवा. संशोधक आले की ब्रशने माती झाडतात, ठिसूळ हाडाला प्लास्टरची पट्टी गुंडाळून उचलतात, उरलेली माती पाण्यात चाळून उंदराएवढे दातही शोधतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असा अभ्यास होतो. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींमार्फत तिथे कळवा. आणि कळवताना हाड ज्याने पहिल्यांदा पाहिले त्याचे नाव कागदावर सर्वांत वर लिहा.