वकिलीची सीईटी : एक नव्हे, दोन नोंदी



उसाची नोंद राहिली की तोडीची पाळी चुकते, हे आपणांस सांगायला नको. वकिलीच्या प्रवेशाचेही तसेच आहे. राज्याचा सीईटी कक्ष २०१६ पासून ही परीक्षा घेतो. बारावीनंतर पाच वर्षांचा व पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या.

अर्ज ऑनलाइन भरावा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच घालावे. मोबाईल नंबर घरचाच द्यावा. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा दिला, तर निरोप त्याच्याकडेच राहतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, ज्यांना लागतात त्यांनी ती कामे आत्ताच लावावीत. ऐनवेळी धावपळ करून कागद हाती येत नाहीत.

परीक्षा संगणकावर असते, मराठीतूनही देता येते. कायद्याची समज, सामान्यज्ञान, तर्क व इंग्रजी यांवर प्रश्न येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. रोज वर्तमानपत्र वाचावे, घड्याळ लावून सराव करावा.

मुख्य गोष्ट अशी, की परीक्षा दिली म्हणजे प्रवेश झाला नव्हे. परीक्षेनंतर प्रवेशफेरीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली, तर मिळालेले गुण फडात वाळलेल्या उसासारखे वाया जातात.

आपला,
ऊस विकास अधिकारी