सुरतेच्या किल्ल्यावरची दोन निशाणं

सुरतेचा किल्ला बघायला आलेली मंडळी विचारतात, या शहराचं स्वतःचं निशाण होतं का? मी सांगतो, एक नाही, एके काळी इथे दोन निशाणं फडकत होती. आणि त्यांचा अर्थ लावताना आपण हमखास चुकतो.

तापीकाठचा हा किल्ला खुदावंद खानाने १५४० च्या दशकात बांधला, पोर्तुगिजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवण्यासाठी. मोगली अमलात किल्लेदार वेगळा आणि शहराचा कारभारी वेगळा. बादशाही आरमार होतं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. त्यापोटी त्याला सुरतेच्या महसुलातून तनखा मिळे. अठराव्या शतकाच्या मध्याला सिद्दीने किल्लाही बळकावला. मार्च १७५९ मध्ये इंग्रजांनी त्याला हुसकावलं.

आता गंमत बघा. किल्ला घेतला तोफांनी, पण त्यावर दिल्लीहून सनदा मिळवल्या, किल्लेदारीची आणि आरमाराची. म्हणजे कागदोपत्री कंपनी बादशहाची चाकर! म्हणून किल्ल्यावर इंग्रजी निशाणाबरोबर मोगली निशाणही राहिलं. एक सांगे ताबा कोणाचा, दुसरं सांगे हक्क कोणाच्या नावाने. दुसरं उतरवायचं, तर तनखा मागायचा कोणत्या तोंडाने?

मग मराठ्यांचं निशाण कुठे? हा प्रश्न आपल्या लोकांकडून येतोच. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, किल्ला मात्र घेतला नाही. पुढे पेशवे आणि गायकवाड सुरतेची चौथाई घेत. बुरुजावर काठी नाही, पण महसुलात वाटा आहे. पेशव्यांनी हा हक्क सोडला तो ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात. त्याआधीच, १८०० च्या तहाने, नवाबाकडचा शहराचा कारभार कंपनीकडे गेला होता. नवाबाला उरली नेमणूक आणि पदवी. तीही १८४२ मध्ये संपली.

मी इंजिनियर माणूस. नकाशात खूण दिसली की तिचा एकच अर्थ, ही आमची सवय. जुन्या चित्रात निशाण दिसलं की राज्य कोणाचं ते ठरवून मी मोकळा व्हायचो. सुरतेने ती खोड मोडली. आता मी तीन गोष्टी विचारतो: काठी कोणी रोवली, कोणाच्या सनदेवर रोवली, आणि जकातीचा पैसा कोणाकोणाच्या घरी गेला? तिन्हींचं उत्तर एकच निघालं, तरच ते निशाण राज्याचं समजावं.